दरीतून परत येण्याची वेळ



तीन राजांचा सण आटोपला, गोठ्यातील मूर्ती कापसात गुंडाळून पुन्हा पेटीत गेल्या, म्हणजे पॅरिशच्या कामाला आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. गेल्या वर्षी या उसंतीचा उपयोग आम्ही प्रवासासाठी केला. आमच्याबरोबर तीन मित्र होते. पहिले आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय सहासष्ट, इतिहासाचे वेड लहानपणापासूनचे. दुसरे आमचे शेतकरी मित्र. बोलणे कमी, पाहणे फार. तिसरा एक तरुण, जो गाव व तालुका यांच्यामध्ये स्वतःची जीप चालवितो आणि तिच्या पोटातील प्रत्येक खिळा ओळखतो. आंध्र प्रदेशातील कडपा जिल्ह्यात गंडीकोटा म्हणून एक ठिकाण आहे. तेथे पेन्ना नदीने डोंगर कापून एक खोल दरी केली आहे. तिच्या काठावर तंबूत दोन रात्री काढावयाच्या आणि दरीत पायी उतरावयाचे, असा आमचा बेत होता. बेत पार पडला. पण आम्ही योजिला होता तसा नव्हे. त्याची हकीकत सांगावी की नाही, यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. कारण तिच्यात आमची स्वतःची चूक आहे. परंतु सुटीच्या दिवसांत तुमची मुलेही डोंगरदऱ्यांत जातात. त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

सोमवारी पहाटेचा मिस्सा आटोपून आम्ही बेळगाव सोडले. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि गुरुजींच्या सौभाग्यवतींनी दिलेला कुंदा होता. गंडीकोटा येथून पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. हुबळी गेली, गदग गेले, आणि काळ्या जमिनीचा तो सपाट मुलूख सुरू झाला, जेथे आकाश पृथ्वीपेक्षा मोठे दिसते. होसपेटच्या अलीकडे तुंगभद्रेचे पाणी दिसले. 1953 साली पुऱ्या झालेल्या या धरणाकडे पाहून आमचे शेतकरी मित्र एवढेच म्हणाले, “एवढं पाणी, आणि शेजारच्या रानात धूळ.” पुढे बळ्ळारी आणि गुंतकल ओलांडून दुपारी आम्ही गुत्तीला पोहोचलो.

गुत्तीचा किल्ला रस्त्यावरून दिसू लागताच गुरुजींनी जीप थांबवावयास लावली. मराठी माणसाने या डोंगरास नमस्कार केल्यावाचून पुढे जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. अठराव्या शतकात या किल्ल्यावर मुरारराव घोरपड्यांची सत्ता होती. 1776 साली हैदरअलीने दीर्घ वेढ्यानंतर तो घेतला आणि मुराररावांचा शेवट त्याच्या कैदेत झाला. “आपण परमुलखात आलो आहो, असे समजू नका,” गुरुजी म्हणाले, “आपल्या भाषेचे पाय येथून केव्हाच गेले आहेत.”

पुढे ताडिपत्री लागली. गावाचे नाव ऐकून आमच्या चालकाने “मग तंबूला लागणारी ताडपत्री इथंच घ्यायची का?” असे विचारले व सर्वांना हसविले. ताडपत्री तेथे होतीही कदाचित. आम्हांला मात्र रस्त्याच्या दोहों बाजूंस दगडी लाद्यांच्या थप्प्यांमागून थप्प्या दिसल्या. वाचकभगिनींनो, तुमच्या स्वयंपाकघरातील ओट्याला जो काळा, गुळगुळीत दगड बसविलेला असतो आणि ज्याला आपण ‘कडाप्पा’ म्हणतो, तो याच मुलखातला. कडपा या गावाच्या नावानेच तो आपल्या घरी आला. ज्या दगडावर तुम्ही रोज कणीक मळता, त्याचे माहेर पाहावयास आम्ही चाललो आहो, हे तेथे आमच्या ध्यानी आले.

जम्मलमडुगु हे शेवटचे मोठे गाव. तेथून गंडीकोटा अवघे पंधरा किलोमीटर. रस्ता हळूहळू चढतो, दोहों बाजूंस लालसर दगडांचे माळ येतात, आणि दरी कोठे आहे असे विचारावयाच्या आत किल्ल्याचा दरवाजा समोर उभा राहतो. दरी लांबून दिसतच नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसास हे नवल वाटते. आपल्याकडे कडा आधी दिसतो; येथे सपाट माळावरून चालत जावे, मोठमोठ्या शिळांवरून हातापायांनी पुढे सरकावे, आणि एकाएकी पायाखालची जमीन संपावी, अशी रचना आहे. खाली सुमारे तीनशे फुटांवर पेन्ना वाहते. तीस मजल्यांच्या घराच्या गच्चीवरून पाहावे तितकी ही उंची. समोरची भिंतही तशीच उभी, तांबडी आणि थराथरांची. जणू कोणी पोथ्यांचे गठ्ठे एकावर एक रचून ठेविले आहेत. मावळतीचा प्रकाश तिच्यावर पडला होता. चौघांपैकी कोणीही काही वेळ बोलले नाही. चालकाचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला होता, तोही तेथेच राहिला.

तेलुगू भाषेत ‘गंडी’ म्हणजे दरी आणि ‘कोटा’ म्हणजे किल्ला. पेन्ना, म्हणजे आपण भूगोलात शिकलो ती पेन्नार, कर्नाटकात नंदीच्या डोंगरांत उगम पावते आणि 597 किलोमीटरांचा प्रवास करून नेल्लोरजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिला एर्रमला नावाच्या टेकड्या आडव्या येतात. तेथे तिने वळसा घेतला नाही, खोदले. येथील खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकासारखा ज्वालामुखीचा नव्हे. फार प्राचीन काळी येथे उथळ समुद्र होता; त्याच्या तळाशी वाळूचे थर बसले, दाबाने आणि काळाने घट्ट झाले व त्यांचा हा काचेसारखा कठीण दगड बनला. शास्त्रज्ञ त्याला क्वार्टझाइट म्हणतात. सह्याद्रीचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा मानतात. हा दीडशे कोटींच्याही पलीकडचा. इतक्या कठीण दगडाला उभ्या भेगा असतात. नदी पायथा पोखरते, भेगांच्या रेषेवर वरची शिळा सुटते आणि चौकोनी ठोकळा होऊन खाली पडते. त्यामुळे कडा गोल न होता उभाच राहतो, आणि खाली उतरण्याच्या वाटेवर अशा ठोकळ्यांचा खच पडलेला असतो. वाचकांनी हा खच ध्यानात ठेवावा. आमच्या हकीकतीत तो पुढे येणार आहे.

तंबू आम्ही तेथील एका गृहस्थांकडून भाड्याने घेतले. काठाजवळ तंबू ठोकावा असा आमच्या चालकाचा आग्रह होता. तंबूवाल्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत नकार दिला. रात्री दरीतून वारा उठतो, आणि झोपेत उठलेल्या माणसाला दिशा कळत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी काठापासून बऱ्याच अंतरावर, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला तंबू लावून दिले. मध्यरात्री कापड शिडासारखे फडफडू लागले तेव्हा त्यांचे म्हणणे आम्हांला पटले. थंडीही आपल्या कल्पनेपेक्षा अधिक होती. पहाटे बाहेर आलो, तर शेतकरी मित्र आधीच उठून शेकोटीपाशी बसले होते. “जोंधळ्याच्या राखणीला असंच असतं,” ते म्हणाले. “फक्त इथं पाखरू नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी आम्हांला किल्ला दाखविला. त्यांनी हा प्रवास पुस्तकांतून तीनदा आधीच केला होता. विजयनगरच्या राजांच्या वतीने येथे पेम्मसानी नायकांनी राज्य केले. त्या काळची माधवराय आणि रंगनाथ यांची मंदिरे आज ओस आहेत. खांबांवरील नक्षी मात्र काल कोरल्यासारखी आहे. 1650 साली गोवळकोंड्याचा सेनापती मीर जुमला याने हा किल्ला घेतला. त्या राजवटीची जामा मशीद मंदिरापासून थोड्याच अंतरावर उभी आहे, आणि तिच्याशेजारी धान्याचे भव्य कोठार आहे. शेतकरी मित्र या कोठारात सर्वांत अधिक वेळ रमले. भिंतीची जाडी त्यांनी वितीने मोजली, वाऱ्याची भोके पाहिली, आणि येथे धान्याला ओल लागत नसावी असा निर्वाळा दिला.

मशिदीच्या पायरीवर बसून गुरुजींनी आम्हांला ताव्हेर्नियेची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच जवाहिऱ्या 1652 साली मीर जुमल्यास भेटावयास गंडीकोट्याला आला होता. त्याने लिहून ठेविले आहे, की नबाब अनवाणी बसला होता, आणि त्याच्या पायांच्या बोटांमध्ये व डाव्या हाताच्या बोटांमध्ये कागदच कागद खोवलेले होते. त्यांतून तो कधी पायाचा, कधी हाताचा कागद काढी आणि चिटणिसांना उत्तरे सांगे. “फादर, पॅरिशच्या नोंदवह्यांचे काम वाढले, म्हणजे ही युक्ती तुम्हांला उपयोगी आहे,” असे गुरुजी म्हणाले. आम्ही सारे हसलो. त्या हसण्याची आठवण त्याच रात्री आम्हांला फार टोचावयाची होती.

आता चुकीकडे वळतो.

दरीत उतरावयाचे ते त्याच दिवशी दुपारी, असे आम्ही ठरविले होते. कारण तिसऱ्या दिवशी आम्हांला बेलमच्या गुहा पाहावयाच्या होत्या. या गुहा चुनखडीच्या दगडात भूगर्भातील पाण्याने कोरल्या आहेत. त्यांची 3229 मीटर लांबी आजवर मोजली गेली आहे. 1884 साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने त्यांची नोंद केली, आणि 2002 पासून त्या सर्वांना पाहता येतात. त्यांच्यासाठी एक सबंध सकाळ लागणार होती. प्रवासाचे वेळापत्रक आम्ही स्वतः घरी बसून कागदावर आखले होते, आणि त्या कागदाचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

जेवण लांबले. उतरण्याच्या वाटेवर पोहोचेपर्यंत साडेतीन वाजले. शेतकरी मित्र शिळेवर उभे राहिले, त्यांनी समोरच्या कड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “फादर, आज नको. सकाळी लवकर उतरू. खाली सावली केव्हाच भरली आहे.” आम्ही घड्याळ पाहिले. सूर्य मावळावयास अडीच तास होते. आम्ही म्हणालो, की एक तास उतरण्यास, एक तास चढण्यास. अर्धा तास हाती उरतो. उद्या सकाळी बेलमला जावयाचे आहे. ते गप्प राहिले. गुरुजींनी एकदा आमच्याकडे व एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “फादर म्हणतात तर जाऊ या.”

वाचकहो, हे वाक्य आम्ही आयुष्यात शेकडो वेळा ऐकले आहे. सभेत, लग्नाच्या बैठकीत, शेताच्या बांधावरील तंट्यात. ते ऐकावयास गोड असते. तेथे शिळेवर उभे असताना ते वाक्य म्हणजे होकार नसून केवळ माघार आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. ज्याने तीस वर्षे उन्हाच्या उतरण्यावरून पाण्याची पाळी ठरविली, तो सावलीविषयी बोलत होता. आणि ज्याने सेमिनरीत तत्त्वज्ञान वाचले, तो त्याला वेळेचे गणित शिकवीत होता.

चालक तंबूपाशी स्वयंपाकाला राहिला. निघताना शेतकरी मित्रांनी त्याला सांगितले, “सहाला आम्ही वर. सातपर्यंत दिसलो नाही तर माणसं घेऊन ये.” आम्हांला हे बोलणे अतिसावधपणाचे वाटले होते, हेही कबूल करतो.

उतरण एका घळीतून होती. सुटलेल्या शिळांचे ठोकळे एकमेकांवर तिरपे पडलेले. काही घरांएवढे, काही पेटीएवढे. उतरताना गुडघे आणि तळहात दोन्ही लागत. पुष्कळ पावलांनी घासलेला हा दगड काचेसारखा निसरडा होतो. गुरुजींसाठी आम्हांला पुनःपुन्हा थांबावे लागले. एका तासाच्या जागी सव्वा तास झाला आणि आम्ही पाण्याला लागलो.

खालचे ते दृश्य वर्णन करावयास गेल्यास त्याला न्याय मिळणार नाही. पाणी हिरवे आणि स्थिर होते. दोन भिंतींच्या मध्ये आकाशाची एक पट्टी, तिच्यावर एक घार. आमचा आवाज समोरून परत येई, म्हणून आम्ही आपोआप हळू बोलू लागलो. गुरुजींनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेविला. वरच्या बाजूस गंडीकोट्याचे धरण आणि खालच्या बाजूस मैलावरमचे धरण असल्यामुळे या दरीतील पाणी आता माणसांच्या हिशेबाने कमीअधिक होते. दोन धरणांमधील नदी शांत दिसली तरी तिच्या पात्रात उतरू नये, पोहण्याचे तर नावच घेऊ नये; वर दार उघडले की खालच्यांना सांगावयास कोणी येत नाही. आम्ही काठावरच बसलो. पण बसलो, आणि वेळ गेला. अर्धा तास हाती आहे असे गणित आम्ही केले होते, त्यातला उतरण्याने कधीच पाव तास खाल्ला होता.

परत फिरलो तेव्हा वर कड्याच्या माथ्यावर ऊन होते. घळीत मात्र दिवेलागण झाल्यासारखा उजेड. उतरताना प्रत्येक दगड वरून दिसतो, चढताना खालून दिसतो, आणि तो दुसराच दगड वाटतो. दोनदा वाट चुकलो. तिसऱ्या वेळी पुढे असलेल्या आम्ही “इकडून या” असे म्हटले, गुरुजींनी पाय टाकला, दगड हलला, आणि त्यांचा घोटा दोन शिळांच्या फटीत अडकून मुरगळला. त्यांच्या तोंडून शब्दही निघाला नाही. खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

पाय मोकळा करावयास थोडा वेळ लागला. घोटा पाहता पाहता सुजला. उभे राहणे शक्य नव्हते. विजेरी आमच्या पिशवीत होती, आणि पिशवी तंबूत होती. उजेडातच परत येणार म्हणून आम्ही ती घेतली नव्हती. मोबाइलमध्ये दिवा होता, पण बॅटरी संपत आली होती, आणि दरीत संपर्काची एकही रेघ नव्हती. आमच्या मनात आले, की आपण एकट्याने वर जावे आणि मदत आणावी. तसे आम्ही बोलूनही दाखविले.

त्या वेळी शेतकरी मित्र आमच्याशी जसे बोलले, तसे ते त्यापूर्वी कधी बोलले नव्हते. “फादर, बसा,” ते म्हणाले. “एक पाय गेला आहे. दुसरा नको. आता कोणी हलायचं नाही.” आम्ही बसलो. त्यांनी आपले धोतर फाडून चार बोटे रुंद पट्टी केली, ती पाण्याच्या बाटलीतील पाण्याने भिजविली आणि घोट्याभोवती घट्ट, पण रक्त अडणार नाही इतपत बांधली. पाय उंच दगडावर ठेविला. आम्ही चोळावयास हात पुढे केला, तर म्हणाले, “ताज्या मुरगळीला चोळायचं नाही. बैलाचंसुद्धा चोळत नाही.” मग आपली घोंगडी गुरुजींच्या अंगावर टाकून ते स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसले.

अंधार पडला. चंद्र उगवावयास अवकाश होता. वाऱ्याचा आवाज दरीत घुमू लागला. खाली कोठेतरी एखादा दगड सुटून गडगडत गेला, की आम्ही तिघेही श्वास रोखीत असू. गुरुजींचा हात आम्ही धरून ठेविला होता. तो थंड होता. त्यांना मधुमेह आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही ते विचारले नव्हते, आणि दरीत उतरण्यापूर्वी तर मुळीच नाही. शेतकरी मित्रांच्या खिशात कुंद्याचा एक तुकडा कागदात गुंडाळलेला होता. भूक लागेल म्हणून त्यांनी तो दुपारी बरोबर घेतला होता. तो थोडा थोडा करून त्यांनी गुरुजींना खावयास दिला. आमच्या वेळापत्रकात या कुंद्याची नोंद नव्हती.

किती वेळ गेला, ते तेव्हा कळले नाही. नंतर हिशेब केला तर दोन तासांहून थोडा अधिक. मग वरून एक प्रकाश हलताना दिसला, त्यामागे दुसरा, तिसरा. चालकाने सातचा ठोका पाळला होता. तंबूवाले गृहस्थ आणि गावातील दोन तरुण दोर, विजेऱ्या आणि एक जाड चादर घेऊन आले. चादरीची झोळी करून, अवघड जागी दोर लावून, त्यांनी गुरुजींना पायरी पायरीने वर नेले. आम्हांला वाटेत दोनदा हात द्यावा लागला, तोही त्यांनीच दिला. वर पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या माणसांनी पैसे घेण्याचे नाकारले. फार आग्रह केल्यावर तंबूवाले म्हणाले, की येथे असे दरवर्षी घडते. पण वर कोणीतरी वाट पाहणारा असला तरच आम्हांला कळते.

शेकोटीपाशी भात तयार होता. कोणी फारसे जेवले नाही. गुरुजी झोपल्यावर आम्ही शेतकरी मित्रांजवळ जाऊन बसलो आणि क्षमा मागितली. ते लाकूड पुढे सारीत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “चूक माझीही आहे, फादर. मला दिसत होतं. मी एकदाच बोललो. दुसऱ्या कोणाला मी तीनदा बोललो असतो.” वाचकहो, हे वाक्य आम्ही गावी घेऊन आलो आहो. आमच्यासारख्या माणसाभोवती आदराचे एक कुंपण असते. आम्हांला वाटते ते आपल्या संरक्षणासाठी आहे. खरे पाहता त्याच्यामुळे धोक्याची हाक आमच्यापर्यंत पोहोचत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे, शाळेतील मुख्याध्यापकांचे, पंचायतीतील पुढाऱ्यांचेही असेच होत असावे. तुम्ही आपापल्या घरी विचार करून पाहा: तुम्हांला तीनदा टोकणारा कोणी उरला आहे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी जम्मलमडुगुला डॉक्टरांनी पायाचे चित्र घेतले. हाड शाबूत होते. स्नायुबंध ताणले गेले होते. सहा आठवडे जपावे लागेल, असे त्यांनी सांगितले. बेलमच्या गुहा आम्ही पाहिल्या नाहीत. त्यांच्यासाठी जी सकाळ वाचवावयास गेलो, ती दवाखान्याच्या बाकावर गेली. गुरुजींना जीपच्या मागच्या आसनावर आडवे निजवून, पायाखाली घोंगडी ठेवून, आम्ही परत फिरलो. गुत्तीपाशी त्यांनी पडल्यापडल्याच किल्ल्याला हात जोडले.

गावी पोहोचल्यावर गुरुजींच्या घरी आम्ही स्वतः गेलो आणि त्यांच्या सौभाग्यवतींना झाले ते सारे, आमच्या हट्टासकट, सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, “कुंदा तरी पुरला ना?”

आता तरुण वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. दरी डोंगरासारखी नसते. डोंगरावर श्रमाचा भाग आधी येतो आणि उतरण परतीला असते. दरीत सोपे आधी, अवघड शेवटी, तेही थकल्या पायांनी आणि कमी होणाऱ्या उजेडात. म्हणून उतरावयास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढण्यासाठी राखून ठेवावा, आणि तळाशी पोहोचलो नाही तरी ठरल्या वेळी माघारी फिरावे. सूर्यास्त पंचांगातला धरू नये. दरीत तो पुष्कळ आधी होतो. प्रत्येकाजवळ स्वतःची विजेरी, पाणी आणि काही गोड खाणे असावे. निघण्यापूर्वी बरोबरच्यांचे दुखणे विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला? कड्याच्या टोकावर पाठ करून छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. तेथे बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि शिळा केव्हा सुटेल ते कोणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात घळीत उतरूच नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: वर कोणीतरी ठेवावा, त्याला परतण्याची वेळ सांगावी, व ती टळली तर काय करावयाचे तेही सांगावे. आम्हांला वाचविले ते आमच्या धैर्याने नव्हे; “सातपर्यंत दिसलो नाही तर” या चार शब्दांनी.

घरी राहणाऱ्या आईबापांनीही मुलांना “जाऊ नका” म्हणण्याऐवजी “किती वाजता परत येणार, आणि कोणाला सांगून ठेविले आहे?” हे विचारावे. पहिले वाक्य मुले ऐकत नाहीत; दुसऱ्याचे उत्तर त्यांना द्यावे लागते.

गुरुजी आता काठी न घेता चालतात. यंदा तीन राजांच्या सणानंतर त्यांना पुन्हा गंडीकोट्याला जावयाचे आहे. बेलम राहिले, ही त्यांची तक्रार. आम्ही होकार दिला आहे. वेळापत्रक या वेळी शेतकरी मित्र करणार आहेत. आम्ही त्यांना कागद नेऊन दिला, तो त्यांनी घडी करून खिशात ठेविला आणि म्हणाले, “कागद राहू दे. निघायचं कधी ते मी तिथं सांगतो.”